डबल स्टँडवरची गाडी

नवी गाडी जुन्यासारखी दिसावी म्हणून कंपन्या किती मेहनत घेतात, ते मी एका उन्हाळ्यात पाहिलं. गोल हेडलाइट, फुगीर टाकी, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबर, तपकिरी सीट. आत मात्र कॉम्प्युटर. नातवानं आजोबांचा कोट घालून लग्नात मिरवावं तसा प्रकार. मला या गाड्यांचं कधीच कौतुक नव्हतं. मी राईस मिलमध्ये देखरेखीला असतो. मुर्रीतल्या घरापासून मिलपर्यंत माझी शंभर सीसीची गाडी अठरा वर्षं जाते-येते, आणि तिनं माझ्याकडे कधी कौतुक मागितलं नाही. तरी त्या उन्हाळ्यात गोंदियातल्या शोरूम पालथ्या घालून मी अशा पाच गाड्या चालवल्या, काही तर दोन-दोनदा. घ्यायची मला नव्हती. घ्यायची माझ्या मित्राला होती, आणि त्याला चालवता येत नव्हती.

तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. आवाज असा खणखणीत की वर्गात पाढे घेतले तर बाजूच्या बांधीत धानाचा रोवणा करणाऱ्या बायांचेही पाठ व्हावेत. आम्ही दोघं गोंदियाहून कोहमाऱ्याच्या पुढच्या एकाच गावचे. त्याच्या घराण्यानं पूर्वी तलाव बांधले. आमच्या गावचा तलावही त्यांनीच बांधलेला. त्यांच्या घरची एक रीत होती. घरात नवं चाक आलं, मग ती बैलबंडी असो, सायकल असो की ट्रॅक्टर, मालकानं ते स्वतः चालवत तलावाच्या पाळीवर न्यायचं आणि पुढचं चाक पाण्यात भिजवायचं. तोवर ते घरचं झालं असं कोणी म्हणायचं नाही. त्याच्या वडिलांनी फटफटी आणली तेव्हा मी सातवीत असेन. चड्डी सावरत मी तिच्यामागं पाळीपर्यंत धावलो होतो.

पुढं त्याच फटफटीवर आम्ही दोघं गोंदियाला कॉलेजात यायचो. तो चालवायचा, मी मागं. मुरदोलीच्या जंगलात ती हटकून बंद पडायची. मग तो खाली बसून शांतपणे प्लग साफ करायचा आणि मी अस्वल येईल म्हणून रडकुंडीला यायचो. "काऊन भेतेस बे, अस्वल आला तं मी बोलतो न त्याच्यासंग," असं म्हणायचा. गाडी सुरू व्हायचीच. त्याच्या हातात बंद पडलेली गाडी मी कधी बंद राहिलेली पाहिली नाही.

आणि आम्ही खर्रा खायचो. गोंदियाला लागून कुडव्याला त्यानं घर बांधलं, त्या वळणावर एक पानठेला आहे. वीस वर्षं आम्ही तिथं थांबलो. ठेलेवाला आम्हाला पाहिलं की पन्नीत खर्रा घोटायला घ्यायचा, आम्हाला तोंडही उघडावं लागायचं नाही. तीच सुपारी, तोच तंबाखू, तोच चुना. दोघांनी सारखंच खाल्लं. गाठ त्याच्या गालात आली, माझ्या नाही. यात न्याय शोधू नका. मी शोधून थकलो.

नागपूरला त्याचा अर्धा जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला, मान उजवीकडून उघडली. नंतर रेडिएशनचे शेक दिले. घरी आला तेव्हा नाकात नळी होती, उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि आवाज गेला होता. बोलायचं ते मोबाईलवर टाइप करून दाखवायचा. आल्यावर आठ दिवसांनी त्यानं मला बोलावलं आणि मोबाईल पुढं केला. "गाडी घ्याची हाये. बाबाच्या फटफटीसारखी. बरा झालो का मीच तलावावर नेतो. तू चालवून पाय, मी मांगं बसतो."

मला आनंद झाला. खरंच झाला. ज्या माणसाला गाडी घ्यायची आहे तो मरत नाही, असं माझ्या टाळक्यात बसलं. त्याच्या घरापासून तलावाची पाळ त्रेपन्न किलोमीटर. तेवढं त्याला चालवता आलं म्हणजे तो बरा, असा मी हिशेब लावला आणि मिलमधून सुट्ट्या काढायला लागलो.

एप्रिलचं ऊन होतं. आमच्याकडे त्या दिवसांत सगळेच तोंडाला दुपट्टा बांधून फिरतात, त्यामुळं त्याचं तोंड कोणाला दिसायचं नाही. शोरूमचा माणूस हसत पुढं यायचा, "सर, किसके लिए देख रहे हैं?" मी मित्राकडे बोट दाखवायचो. दुपट्ट्यातून दोन डोळे आणि एक नळी. पुढचा प्रश्न कोणी विचारायचं नाही. लायसन ठेवून घ्यायचे आणि चावी द्यायचे.

पहिली गाडी मेहंदी रंगाची होती. टाकीवर सोनेरी रेघ, आवाज जड, एकेक ठोका मोजून घ्यावा असा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ॲक्सिलेटर न देताही ती आपली आपण चालू लागायची, बैल घरची वाट धरतो तशी. उड्डाणपुलाच्या चढावर मी मुद्दाम तिसऱ्यात ठेवली, कुरकुरली नाही. वजन मात्र फार. गर्दीत वळवताना माझ्या मांड्या भरून आल्या. दुसरी दिसायला सगळ्यात देखणी, दोन्ही अंगांना सायलेन्सर, टाकी आरशासारखी. पण मागची सीट वीतभर. मागच्यानं बसायचं कुठं, याचा विचार बनवणाऱ्यानं केलाच नव्हता. मित्राचे गुडघे माझ्या बरगड्यांना टोचत होते. तिसरी दोन सिलिंडरची, लोण्यासारखी. बालाघाट रोडवर ऐंशीला नेली तरी आरशातलं चित्र थरथरलं नाही. मी उतरल्या उतरल्या म्हटलं, "हेच घे गा. डोरे मिटून घे."

त्यानं टाइप केलं, "डबल स्टँड हाये काय विचार."

नव्हता. "सर, आजकल तो साइड स्टैंड ही आता है," शोरूमचा माणूस म्हणाला. मग मित्रानं दुसरा प्रश्न दाखवला. मीटर कोणत्या चाकावर चालतं? मी हिंदीत विचारला. त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तो आत जाऊन कोणाला तरी विचारून आला. "आगेवाले पहिए से, सर." मित्रानं मान हलवली. ही नको.

मी चिडलो. पहिल्या दोन्ही ठिकाणीही त्यानं हेच दोन प्रश्न काढले होते. गाडीचा दम कसा आहे, ब्रेक कसा आहे, खड्ड्यात कंबर सांभाळते की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. अर्ध्या गोंदियानं ज्याला विचारून गाड्या घेतल्या, तो माणूस स्टँड आणि मीटर विचारत होता. मला वाटलं, औषधांनी डोकं जड झालं असेल.

चौथ्या गाडीच्या वेळी ते झालं. तोवर मी प्रत्येक वेळी मुद्दाम बालाघाट रोडनं नेत होतो, कुडव्याचं ते वळण टाळायला. त्याला घरून आणता-सोडतानाही मी मागच्या गल्लीनं जायचो. पण त्या शोरूमचा रस्ता ठरलेला होता. कुडव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, दुसरीकडे परवानगी नाही. गाडी छान होती. हलकी, क्लच बोटावर येणारा, आणि माझं लक्ष सगळं तिच्यातच. दुसऱ्यावरून तिसरा टाकला, ब्रेक पाहावा म्हणून हळू केली, आणि पाय टेकून थांबलो. मी का थांबलो ते मला माहीत नव्हतं. ठेलेवाल्यानं मान वर केली, दोन बोटं दाखवली, मी मान डोलावली. त्यानं घोटलं. दोन पुड्या माझ्या हातात आल्या तेव्हा मला कळलं की मी काय केलं.

मागं वळून पाहायची माझी हिंमत होईना. त्यानंच खांद्यावरून हात पुढं केला, डावा, आणि दोन्ही पुड्या घेतल्या. एक उघडली आणि हळूहळू रस्त्यावर ओतली, सगळी, शेवटची सुपारी पडेपर्यंत. दुसरी माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली. ठेलेवाला बघत होता, पण दुपट्ट्यामागचा माणूस त्यानं ओळखला नाही. मी गाडी वळवून शोरूमला परत नेली.

ती पुडी मी त्याच संध्याकाळी खाल्ली. लाज वाटली, तरी खाल्ली. ज्याला हे समजणार नाही त्यानं समजून घेऊ नये.

पाचवी गाडी सगळ्यात सुमार होती. काळी, रंग जाड, साठच्या पुढं हँडल इतकं झिणझिणायचं की तळहात बधिर व्हायचे. ब्रेक दाबला की आधी विचार करायचा, मग लागायचा. पण तिला डबल स्टँड होता. आणि मीटर मागच्या चाकावर चालायचं. मित्र एकदम ताठ बसला. त्यानं ती शोरूममध्येच डबल स्टँडवर लावायला सांगितली, वर बसला, दोन्ही पाय पायदानावर ठेवले आणि हँडल धरलं. बराच वेळ बसून राहिला. मग टाइप केलं, "हेच."

माझा तोल गेला. चार लोकांत गेला. "पाच गाड्यांतली सगळ्यात रद्दी गाडी हाये हे! तुले स्टँड पाह्यजे, तुले मीटर पाह्यजे, चालवाले कशी हाये ते नाही पाह्यजे? गाडी घेऊन राहिला का खुर्ची? घ्याचीच नसन तं सांग न, माह्या सुट्ट्या कायले खराब करतेस?"

शोरूममधले सगळे आमच्याकडे पाहायला लागले. पूर्वीचा तो असता तर माझी अशी काढली असती की काचा हलल्या असत्या. आता त्यानं मोबाईल घेतला, पुष्कळ काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी एवढंच दाखवलं. "बसून चांगलं वाटते."

त्याला घरी सोडलं तेव्हा तो आत जाऊन पडला. वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्यामागं फाटकापर्यंत आल्या. "भाऊजी, मागच्या हप्त्यात रिपोट आला. मानेत पुन्हा आलं म्हनतात. नागपूरच्या डाक्टरनं सांगतलं का आता काई करू नका, घरीच ठेवा." मी विचारलं, मला का नाही सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "यायनंच नाही सांगू देलं. म्हने, त्याले सांगतलं तं तो गाड्या दाखवाले नेनार नाही."

मी माझी गाडी ढकलत वळणापर्यंत गेलो. सुरू करायचं सुचलंच नाही. ज्याच्याकडे मोजके दिवस आहेत त्याला मी सुट्ट्यांवरून बोललो होतो. यावर माफी नसते. मी दुसऱ्या दिवशी मागितली. त्यानं हात झटकला, तेवढंच.

काळी गाडी घेतली. शोरूममधून मी चालवत आणली, तो मागं. शेडमध्ये डबल स्टँडवर लावून मी म्हटलं, "उद्या सकारी निघू. तू मांगं बस, मी नेतो तलावावर. भिजवून आनू चाक." त्यानं टाइप केलं, "मालकानंच न्याची रायते." मी म्हटलं, अरे, रीत माणसासाठी असते. त्यानं तीच ओळ पुन्हा माझ्यापुढं धरली. तसाही तो त्रेपन्न किलोमीटर मागं बसू शकला नसता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी हट्ट सोडला. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो गाडीवर बसायचा. वहिनी आधार देऊन बसवायच्या. बटण दाबून गाडी सुरू करायचा आणि पाच-दहा मिनिटं तसाच बसायचा, समोरच्या भिंतीकडे बघत. त्या वेळी कोणी जवळ आलेलं त्याला खपत नसे. मी मिलमधून येईस्तोवर तो बहुतेक उतरलेला असायचा. मला वाटायचं, बाबांच्या फटफटीचा आवाज आठवतो आहे. एकदा लवकर पोचलो तर मीटरवर पिवळा दिवा लुकलुकत होता. नव्या गाडीत बिघाड! मी तडक शोरूमला फोन लावायला लागलो. त्यानं माझा हात धरला आणि टाइप केलं, "बिघाड नाही. राहू दे." बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत मला ते कॉलेजातलं हसू दिसलं. मी फोन ठेवून दिला.

शेवटी शेवटी तो दोनच मिनिटं बसायचा. मग बसवेना झालं. मग पावसाळ्यात, रोवणा सुरू असताना, एका दुपारी तो गेला. गावाहून माणसं आली, रडली, तलावाचं पाणी तांब्यात घेऊन आली होती ते त्याच्या तोंडात घातलं. अर्धं बाहेर आलं.

तेरवी झाल्यावर वहिनींनी मला चावी दिली. "भाऊजी, तुमी तरी एक डाव तलावावर नेऊन आना." चावीसोबत एक वही दिली, शाळेतली जुनी हजेरीची. मास्तर माणूस, तारीख टाकल्याशिवाय काही लिहायचा नाही. रोजची एक ओळ, कधी नुसती तारीख. गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 'निघालो.' मग 'फुलचूर.' मग दोन दिवस 'कारंजा.' मग नुसतं 'थांबलो', तीनदा. मग 'गोरेगाव. चहा घेतला नाही.' पुढं अक्षर तिरकं होत गेलेलं. शेवटची ओळ, 'मुरदोली. जंगल.'

मला आधी काही कळेना. वाटलं, शेवटी भ्रम झाला असेल. मी वही घेऊन शेडमध्ये गेलो आणि चावी फिरवली. मीटरवर चौतीस किलोमीटर होते. मी आणली त्या दिवशी पाच होते. आणि त्यानंतर ती गाडी शेडमधून एक इंच हलली नव्हती.

डबल स्टँडवर गाडीचं मागचं चाक अधांतरी असतं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की चाक जागच्या जागी फिरतं, आणि मीटर मागच्या चाकावर असलं तर किलोमीटर पडत जातात. वहीतली गावं म्हणजे तेवढ्या किलोमीटरवर तलावाच्या वाटेवर लागणारी गावं. पिवळा दिवा त्याचाच होता. मागचं चाक पळतंय आणि पुढचं उभं आहे, हे आतल्या कॉम्प्युटरला उमगत नव्हतं. मलाही उमगलं नाही. पाच गाड्या मी दमासाठी, ब्रेकसाठी, सीटसाठी तोलल्या. तो पहिल्या शोरूमपासून दोनच गोष्टी बघत होता. म्हणजे रिपोर्ट यायच्या कितीतरी आधीच त्याला माहीत होतं. बरा झाल्यावर नेतो, हे माझ्यासाठी होतं.

मी गाडीवर बसलो. सुरू केली. पहिला गिअर टाकून क्लच सोडला. मागं चाक फिरायला लागलं, वारा नाही, रस्ता नाही, समोर टिनाच्या शेडची भिंत. तलाव चोवीस किलोमीटर राहिला होता. पुरे करावेत असं वाटलं, रोज थोडे थोडे. मग लक्षात आलं की हे माझे किलोमीटर होतील, त्याचे नाही. मीटरवरचा आकडा बदलायच्या आत मी गाडी बंद केली.

चावी वहिनींना परत दिली. रस्त्यानं नेली असती तर गाडी तलावावर पोचली असती, मालक पोचला नसता. अजून ती तिथंच आहे. बॅटरी उतरली, टाकीवर धूळ आहे, मी कधी गेलो तर पुसतो. त्याच्या हातात बंद पडलेली गाडी कधी बंद राहिली नव्हती. ही मुरदोलीच्या जंगलात बंद पडली आहे, आणि या वेळी प्लग साफ करणारा कोणी नाही.